टोपलीतली अकरा बदकं

आजची गोष्ट आहे खोट्या बदकांची.

साल 1924. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात लव्हलॉक नावाची एक गुहा आहे. हॅरिंग्टन आणि लाउड हे दोन संशोधक तिथं खोदकाम करत होते. एका खड्ड्याचा तळ लागला, पण तो तळच बनावट निघाला! त्याच्याखाली, टोपलीत नीट जपून ठेवलेली 11 बदकं. लव्हाळ्यासारख्या पाणगवताची. पुढे तपासणीत कळलं की ती साधारण 2000 वर्षांपूर्वीची आहेत.

ही होती शिकारीची आमिषं, म्हणजे डिकॉय. पाण्यावर सोडायची, आपण लपून बसायचं. वरून उडणाऱ्या थव्याला वाटतं, खाली आपलेच भाईबंद बसलेत, म्हणजे जागा सुरक्षित आहे.

आता गंमत बघा. करणाऱ्यानं ‘कुठलं तरी बदक’ केलेलं नाही. डोकं तांबूस, छाती काळी, आणि अंगाला दोऱ्यांखाली खोचलेली पांढरी पिसं. हा तर सरळसरळ कॅनव्हासबॅक जातीचा नर! आज गुहेभोवती रखरखाट आहे, पण तेव्हा जवळच मोठी पाणथळ जागा होती आणि ही बदकं तिथं उतरायची. शिवाय नराची पांढरी पाठ लांबून चमकते. आजचे शिकारीही डिकॉय निवडताना आधी हेच बघतात: या पाण्यावर कोण उतरतं, आणि त्याला लांबून काय दिसेल?

किती ठेवायचे, हाही प्रश्न असतोच. उथळ पाण्यातल्या मॅलार्डसाठी मोजके डिकॉयही चालून जातात. कॅनव्हासबॅक मात्र उघड्या पाण्यावर मोठ्या थव्यानं बसतो. म्हणून एकोणिसाव्या शतकात चेसापीक उपसागरात शिकारी शेकडो लाकडी बदकं पसरायचे आणि मधोमध शवपेटीसारख्या पेटीत, पाण्याच्या पातळीला आडवे पडून राहायचे. ही पेटी बुडती ठेवायला लोखंडी बदकं ओतलेली असायची. म्हणजे वजनसुद्धा बदकाच्याच आकाराचं! मारलेली बदकं जायची शहरातल्या बड्या हॉटेलांत.

काही जण याच्याही पुढे गेले. त्यांनी जिवंत बदकंच पायाला दोरी बांधून पाण्यात सोडली. ती ओरडायची आणि रानटी थवे खाली यायचे. लाकडाला आवाज कुठून येणार?

हे सगळं इतकं भारी चाललं की बदकंच संपत आली. 1918 च्या कायद्यानं बाजारासाठीची शिकार थांबवली. मग तिशीतला दुष्काळ आला, पाणथळी आटल्या. 1935 मध्ये सरकारनं जिवंत आमिषं आणि त्या बुडत्या पेट्या, दोन्हींवर बंदी घातली. माझ्या मते हे निदान वीस वर्षं आधी व्हायला हवं होतं.

उरली लाकडी बदकं. मॅसॅच्युसेट्सचा एल्मर क्रॉवेल तरुणपणी एका शिकारतळावर जिवंत आमिषं सांभाळायचा. रोज बघून बघून बदक मान कशी वळवतं, पिसं कशी साफ करतं, हे त्याच्या हातात बसलं होतं. त्यानं कोरलेलं पिसं साफ करणारं एक पिनटेल बदक 2007 मध्ये 11 लाख डॉलर्सच्याही वर विकलं गेलं.

आणि ती गुहेतली अकरा? ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या ताब्यात आहेत. नेवाडातले पायूट लोक मात्र पाणगवताची तशी बदकं अजूनही बनवतात.