'योग्य' जागा नेमकी कोणासाठी योग्य?

स्कॉटलंडमधील डंडी शहराच्या पश्चिम भागात एनसीआर या एटीएम यंत्रे बनविणाऱ्या कंपनीचा कारखाना होता. तो बंद पडल्यावर रिकाम्या झालेल्या जागेवर 'ॲस्डा' या साखळीने मोठे सुपरमार्केट, उपाहारगृह, पेट्रोलपंप आणि प्रशस्त वाहनतळ उभारण्याची परवानगी मागितली. डंडी महापालिकेने ती दिली. त्यावर प्रतिस्पर्धी 'टेस्को' कंपनी न्यायालयात गेली आणि हे प्रकरण थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. २१ मार्च २०१२ रोजी लागलेल्या त्या निकालात दुकानाचे आकारमान, वाहतुकीची कोंडी किंवा रोजगार हे मुद्दे केंद्रस्थानी नव्हते. वाद होता तो विकास आराखड्यातील एका विशेषणाचा. 'योग्य जागा' म्हणजे कोणासाठी योग्य?

हा प्रश्न इतका कळीचा का ठरला, हे समजण्यासाठी ब्रिटिश नगररचनेची मूळ रीत पाहावी लागते. १९४७ च्या कायद्याने जमीनमालकाचा आपल्या जमिनीवर हवे ते बांधण्याचा हक्क काढून घेतला आणि विकासासाठी स्थानिक प्राधिकरणाची परवानगी आवश्यक केली. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार विकास आराखडा व विकास नियंत्रण नियमावली ठरते आणि नियमांत बसणारा प्रस्ताव सहसा मंजूर होतो. ब्रिटनमध्ये मात्र प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे तोलला जातो. आराखड्याला प्राधान्य असते, पण अन्य महत्त्वाच्या बाबी वजनदार असतील तर आराखडा बाजूला ठेवूनही निर्णय घेता येतो. नियोजन अधिकारी अहवाल देतात, मोठ्या अर्जांवर बहुधा नगरसेवकांची समिती निर्णय घेते. परवानगी नाकारली गेली तर अर्जदार सरकारकडे अपील करू शकतो. परवानगी दिली गेली तर विरोधकाला असे अपील नाही; त्याच्यापुढे केवळ न्यायालयाचा दरवाजा उरतो, आणि तिथेही निर्णय बरा की वाईट हे नव्हे, तर तो कायद्यानुसार आहे की नाही एवढेच तपासले जाते. सुपरमार्केटच्या वादांत न्यायालयात जाणाऱ्यांमध्ये प्रतिस्पर्धी साखळ्याच वारंवार दिसतात. कोपऱ्यावरच्या वाण्याला वकिलांचा खर्च पेलणारा नसतो.

शहराबाहेरच्या मोठ्या दुकानांची ब्रिटनमधील सुरुवात साधारण १९६४ मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या वेस्ट ब्रिजफर्ड येथील 'जेम' या दुकानापासून मानली जाते. दोन वर्षांत ते ॲस्डाकडे गेले. १९७२ मध्ये फ्रेंच 'कार्फूर' कंपनीने वेल्समधील कॅरफिली येथे हायपरमार्केट उघडले. खरी लाट आली ती ऐंशीच्या दशकात. मोटारी वाढल्या होत्या, बाहेरची जमीन स्वस्त होती आणि सरकारचा कल बाजाराला मोकळीक देण्याकडे होता. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण वेस्ट मिडलंड्समधील मेरी हिल. पोलाद कारखाना बंद पडलेल्या परिसरात विशेष उद्योगक्षेत्राच्या सवलतींखाली हे प्रचंड खरेदी केंद्र उभे राहिले आणि जवळच्या डडली शहराच्या मध्यभागातील नामांकित दुकाने तिकडे सरकली. डडलीची मुख्य बाजारपेठ त्या धक्क्यातून पुन्हा पूर्वपदाला आली नाही.

१९९३ मध्ये जॉन गमर पर्यावरणमंत्री झाले आणि वारे फिरले. त्यांचे सरकार हुजूर पक्षाचेच होते, हे इथे लक्षात ठेवण्याजोगे; शहराच्या मध्याला वाचविण्याचे धोरण डाव्यांची मक्तेदारी नव्हती. १९९६ च्या सुधारित 'पीपीजी ६' या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने 'सिक्वेन्शियल टेस्ट' म्हणजे जागांची क्रमवार पडताळणी ठामपणे रुजवली. मोठ्या दुकानासाठी प्रथम शहराच्या मध्यभागात जागा शोधायची. तिथे योग्य व उपलब्ध जागा नसेल तर मध्यभागाच्या कडेला. तिथेही नसेल तरच बाहेर. १९९८ मध्ये सरकारनेच करवून घेतलेल्या अभ्यासात मोठी किराणा दुकाने आल्यावर बाजारगावांच्या मध्यातील प्रमुख किराणा दुकानांचा बाजारहिस्सा १३ ते ५० टक्क्यांपर्यंत घटल्याचे आढळले, तेव्हा या धोरणाला भक्कम आधार मिळाला. स्कॉटलंडची नगररचना वेगळी असली तरी तत्त्व तेच स्वीकारले गेले.

डंडीच्या आराखड्यात हेच तत्त्व होते. शहराचा मध्यभाग आणि विभागीय बाजारपेठा यांना पहिली पसंती. त्याबाहेर दुकान काढायचे तर काही अटी पूर्ण व्हाव्यात. त्यांतील एक, मध्यभागात किंवा त्याच्या कडेला योग्य जागा उपलब्ध नसणे, आणि दुसरी, परिसरातील खरेदीच्या सोयींमधील उणीव या दुकानाने भरून निघणे. नियोजन अधिकाऱ्यांनी मध्यभागातील आणि विभागीय बाजारपेठांतील जागा तपासल्या आणि ॲस्डाच्या प्रस्तावाएवढे दुकान त्यांत मावणार नाही असा निष्कर्ष काढला. दुसऱ्या बाजूला आराखड्याशी प्रस्ताव पूर्णपणे जुळत नाही हेही त्यांनी मान्य केले. बंद कारखान्याच्या पडीक जमिनीचा पुनर्वापर, नवे रोजगार आणि आसपासच्या रस्त्यांमधील सुधारणा यांच्या बळावर परवानगी द्यावी, अशी त्यांची शिफारस होती.

टेस्कोचा युक्तिवाद वरकरणी साधा होता. जागा 'योग्य' आहे की नाही हे ॲस्डाच्या मागणीवरून ठरवायचे नाही. परिसरात सोयींची जी उणीव आहे ती भागवायला ती योग्य आहे का, हे पाहायचे. या वाचनाने बारीकसारीक दुकानांनी भागणारी उणीव मध्यभागातील लहान जागेतही भरता आली असती आणि बाहेरच्या महादुकानाचे समर्थन कोसळले असते. न्यायालयाने हे वाचन नाकारले. मुख्य निकाल लिहिणारे लॉर्ड रीड यांनी म्हटल्याचा मथितार्थ असा: आराखड्याचा अर्थ काय, हा कायद्याचा प्रश्न आहे, महापालिकेला सोयीस्कर वाटेल तो अर्थ लावता येणार नाही. पण शब्द आपल्या संदर्भात वाचला तर 'योग्य' म्हणजे अर्जदाराने प्रस्तावित केलेल्या विकासासाठी योग्य, असाच अर्थ निघतो. अर्जदाराने आकार व मांडणीबाबत लवचिकता दाखवली पाहिजे, हे मात्र खरे. टेस्कोचे अपील फेटाळले गेले.

निकालाचे दोन भाग विरुद्ध दिशांना ओढतात. आराखड्याच्या अर्थाबाबत महापालिकांवर लगाम बसला. पडताळणीच्या बाबतीत मात्र विकासकांना मोकळी वाट मिळाली. प्रस्तावच मोठा मांडला तर मध्यभागातील कोणतीही जागा अपुरी ठरते. जून २०१४ मध्ये नॉर्दॅम्प्टनशरमधील 'रश्डन लेक्स' या शहराबाहेरच्या खरेदी केंद्राला सरकारने परवानगी दिली, तेव्हा डंडीच्या निकालाचा आधार घेऊन एकाच प्रकल्पाचे तुकडे पाडून ते वेगवेगळ्या जागांत बसवण्याची अपेक्षा करता येत नाही, असा दृष्टिकोन मान्य झाला. केंद्र २०१७ मध्ये सुरू झाले. मात्र न्यायालयांनी लगाम पूर्ण सोडला नाही. २०१६ मध्ये मॅन्सफिल्ड जिल्हा परिषदेने 'ॲल्डी'च्या दुकानासाठी दिलेली परवानगी उच्च न्यायालयाने रद्द केली. कोणत्या कंपनीला काय हवे आणि तिची इतर दुकाने कुठे आहेत, हे पडताळणीत सहसा गैरलागू आहे. त्या प्रकारच्या दुकानासाठी जागा योग्य आहे का, एवढेच पाहायचे, असे न्यायालयाने म्हटले.

रस्त्यांच्या सुधारणांचा उल्लेख वर आला आहे आणि तो सहज ओलांडण्यासारखा नाही. ऑक्सफर्डशरमधील विटनी गावात हीच गोष्ट उघड्यावर आली होती. विंडरश नदीवरच्या अरुंद पुलामुळे गावात कोंडी व्हायची आणि नवा जोडरस्ता बांधायला पैसा नव्हता. गावात एकच सुपरमार्केट मंजूर करायचे होते. टेस्कोने ६६ लाख पौंडांचा रस्त्याचा संपूर्ण खर्च उचलण्याची तयारी दाखवली. चौकशी निरीक्षकाने टेस्कोच्या बाजूने शिफारस केली. मंत्र्यांनी ती डावलून 'सेन्सबरीज'साठी केलेला प्रस्ताव मंजूर केला. १९९५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने टेस्कोचे अपील फेटाळले. असा देकार विचारात घेण्यास हरकत नाही, पण त्याला किती वजन द्यायचे, अगदी शून्य वजन द्यायचे तरी, ते ठरविणाऱ्याचा अधिकार आहे, असे लॉर्ड हॉफमन यांच्या मताचे सार होते. म्हणजे पैसा बोलू शकतो, मात्र त्याचे ऐकलेच पाहिजे असे नाही. परवानगी विकत मिळू नये, हा हेतू त्यातून किती साधतो, यावर मतभेद आहेत. न्यायालयाने निदान किंमत आणि निर्णय यांच्यात एक माणूस उभा ठेवला.

'गरज' हा निकष मात्र टिकला नाही. २००५ च्या 'पीपीएस ६' मध्ये नव्या दुकानाची गरज सिद्ध करण्याची अट होती. डिसेंबर २००९ मध्ये ती इंग्लंडमध्ये काढून टाकण्यात आली. तिथे क्रमवार पडताळणी आणि परिणामांची तपासणी या दोन चाचण्या उरल्या. २०१२ च्या राष्ट्रीय नियोजन धोरण चौकटीने परिणामतपासणीसाठी, स्थानिक मर्यादा ठरवलेली नसल्यास, २५०० चौरस मीटर ही मर्यादा ठेवली. गरज काढून टाकण्यामागचा युक्तिवाद असा की दुकान चालेल की नाही हे नगररचनाकारांनी नव्हे, बाजारानेच ठरवावे. त्यानंतर बाजारानेही ठरवले. जानेवारी २०१५ मध्ये टेस्कोनेच ४३ दुकाने बंद करण्याची आणि ४९ नियोजित मोठी दुकाने न उभारण्याची घोषणा केली. ज्या गावांनी अशा दुकानांच्या बाजूने किंवा विरोधात वर्षानुवर्षे भांडणे केली होती, तिथे आता मोकळी जागा उरली.

स्कॉटलंडने दुसरी दिशा पकडली. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी लागू झालेल्या चौथ्या राष्ट्रीय नियोजन चौकटीत, ठरावीक अपवाद वगळता, केंद्राबाहेरच्या नव्या किरकोळ दुकानांना पाठिंबा देऊ नये असे थेट म्हटले आहे. ही चौकट आराखड्याचाच भाग असल्याने डंडीतील आजचा अर्ज २०१२ सारख्या वाक्यरचनेपुढे उभा राहणार नाही.