जुन्या वस्तूंचा लोभ आणि त्याग



आपल्या कडा-आष्टीच्या भागात एखादा जुना वाडा पाडायला काढला, की चार दिवसांत व्यापारी दारात येऊन उभा राहतो. कोरीव चौकट, सागवानी तुळया, पाण्याचे हंडे ठेवायची घडवंची, आजीचा देव्हारा, सगळ्यांचा एकदमच सौदा ठरतो. मुलाला वाटतं, बरं झालं, जागा मोकळी झाली. म्हातारी मात्र गाडी वळणाआड जाईपर्यंत ओट्यावरून हलत नाही. दोघांचंही काही चुकत नाही. मग जुनी वस्तू ठेवावी की सोडावी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला पुण्याच्या एका माणसाची आठवण होते.

ते म्हणजे दिनकर गंगाधर केळकर. जन्म १८९६ चा. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचा नाद लागला. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला, आणि पुढे या साऱ्या संग्रहाला त्यांनी त्याचेच नाव दिले. पत्नी कमलाबाई यांची त्यांना या कामी साथ होती. १९६० पर्यंत सुमारे १५,००० वस्तू जमल्या, आणि १९६२ साली राजा केळकर संग्रहालय उभे राहिले.

आता त्यांनी जमविले काय, ते पाहा. अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकाची भांडी, कोरीव दरवाजे. मस्तानीच्या कोथरूड येथील महालाचे भागही त्यांनी आणून पुन्हा उभे केले. बखरींतून आपल्याला लढाया आणि तह समजतात. पण त्या काळची बाई दिवा कशात लावी, सुपारी कशाने कातरी, हे बखरकार सांगत नाही. ते अडकित्ता सांगतो.

असा संग्रह करायचा म्हणजे दुसऱ्याच्या घरातली वस्तू त्याच्याकडून सोडवून घ्यावी लागते. पण संग्राहकाची खरी परीक्षा पुढेच असते. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना 'सोडा' म्हटले, त्याला एके दिवशी स्वतःलाच तसे म्हणावे लागते. खाजगी संग्रहाचे पुढे काय होते, हे आपण शेतीच्या वाटण्यांवरून ओळखू शकतो. एकाकडे पलंग जातो, दुसऱ्याकडे पेटी, आणि तिसरा आपला हिस्सा मोडीत घालतो. केळकरांनी १९७५ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केला. त्या दिवशी मनाला काय वाटले असेल, ते ज्याने घरातला साधा पाट विकला आहे, त्याने ताडावे. १९९० साली ते वारले. संग्रह मात्र फुटला नाही. आज त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. पैकी अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या असतात.

म्हणजे सोडण्यातही फरक आहे, बरं का. मोडीत घालणे हेही सोडणे, आणि दहाजणांना पाहता येईल अशा जागी ठेवणे हेही सोडणेच. सरकारने १९७२ साली पुराणवस्तूंविषयी कायदा केला. शंभर वर्षे वा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू, इमारतीपासून सुटा केलेला भागसुद्धा, त्यात पुराणवस्तू ठरतो. अशी वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, आणि तिचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. तेव्हा कोरीव चौकट विकण्यापूर्वी तिचे वय तरी विचारावे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. शाळेत एक फळी मोकळी ठेवा. मुलांना घरी विचारायला सांगा: घडवंची कशाला म्हणत? फडताळात काय ठेवीत? कणगी कोण विणी? जी वस्तू कोणी आपखुशीने देईल, ती फळीवर ठेवा. खाली चिठ्ठी लावा: नाव, उपयोग, कोणत्या गावची, किती पिढ्यांची. देणाऱ्याचे नाव विचारून लिहा. वस्तू मिळाली नाही तर नुसते चित्र काढून माहिती लिहा. वस्तू गेली तरी निदान तिचे नाव गावात राहील. आणि ओट्यावर बसलेल्या त्या म्हातारीलाही आपला देव्हारा कुठे आहे, हे ठाऊक राहील.