परीक्षेचा ताण आणि सजगतेचा सराव

बारावी, नीट किंवा सीईटी जवळ आली की पोटदुखी, डोकेदुखी, छातीत धडधड आणि झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन बरीच मुले दवाखान्यात येतात. तपासण्या अनेकदा नॉर्मल येतात, पण म्हणून मूल नाटक करते असे नाही. ताणामुळे अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात आणि त्रास खरोखर होतो.

सजगता म्हणजे काय?

आत्ता जाणवणारा श्वास, शरीर आणि मनातले विचार यांकडे चांगले-वाईट न ठरवता लक्ष देणे म्हणजे सजगता (माइंडफुलनेस). तिचे मूळ बौद्ध ध्यानपरंपरेत आहे. १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी त्यावर आधारित ताणनियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला.

सराव कसा करावा?

• मोबाइल दूर ठेवून खुर्चीवर आरामात बसा.
• ५ मिनिटे नेहमीच्या श्वासाकडे लक्ष द्या.
• ‘पेपर अवघड आला तर?’ असा विचार येईलच. ‘हा एक विचार आहे’ अशी नोंद घ्या आणि पुन्हा श्वासाकडे या.

‘मन एकाग्र होत नाही’ म्हणून अनेक मुले सराव सोडतात. मन भरकटणारच. ते लक्षात येणे आणि त्याला परत आणणे हाच खरा व्यायाम आहे.

हा सराव परीक्षेच्या काही आठवडे आधी सुरू करा. पेपर हातात आल्यावर तीन श्वास सावकाश सोडा. श्वास सोडायला जास्त वेळ घेतल्यास हृदयाची गती थोडी मंदावते.

पालकांनी लक्षात ठेवावे

मुलांवर सक्ती करू नका. ब्रिटनमधील शाळांत झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, सर्वांना सरसकट हे प्रशिक्षण देऊन विशेष फायदा दिसला नाही. सराव हा झोप, जेवण आणि खेळ यांना पर्याय नाही. डोळे मिटल्यावर अस्वस्थता वाढत असेल तर सराव थांबवा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक बिघडली किंवा वारंवार घाबरल्यासारखे झाले तर डॉक्टरांना भेटा. मूल मरणाची भाषा बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नका, रागावू नका, लगेच मदत घ्या. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन २४ तास सुरू असते आणि तेथे मराठीतही बोलता येते.