पेठ तालुक्यातील घरची बेगमी आणि रानऔषधे

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेवर असलेल्या पेठ तालुक्यात शेत, रान, गुरे आणि ओढे यांच्या आधाराने वर्ष काढण्याची एक जुनी रीत आहे. कोकणा, वारली, महादेव कोळी या समाजांच्या कुटुंबांनी ती पिढ्यान् पिढ्या बसवत आणली. धान्य पिकवणे व टिकवणे, रानातले कंद-भाज्या खाण्याजोग्या करणे, तेल, दोर, टोपली घरी तयार करणे आणि साध्या दुखण्यावर पाला-साल वापरणे ही तिची मुख्य अंगे. मीठ, लोखंड आणि कापड मात्र पूर्वीही बाजारातूनच येई. त्यामुळे कोणत्याही काळी हे घर बाहेरच्या जगापासून तुटलेले नव्हते. त्याचे कौशल्य चार महिन्यांच्या मुसळधार पावसाची आणि त्यानंतरच्या आठ कोरड्या महिन्यांची तरतूद आधीपासून करण्यात आहे.

प्रदेश. नाशिकहून सावळघाट ओलांडून पेठला जाणारा रस्ता पुढे वापीकडे उतरतो (राष्ट्रीय महामार्ग 848). करंजाळी, जोगमोडी, कोहोर ही तालुक्यातली मोठी गावे. पेठ हे पूर्वी लहान संस्थान होते. 1878 मध्ये ते इंग्रजी अमलाखाली आले. पाऊस वर्षाला 2,000 मिलिमीटरच्या आसपास पडतो; पण उताराची पातळ माती आणि खालचा काळा कातळ पाणी धरून ठेवत नाहीत. ते पश्चिमेकडे वाहून जाते आणि मार्चनंतर विहिरी तळाला लागतात. मग बायका नदी-ओढ्याच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीने हंडा भरतात. या मुलखातली प्रत्येक रीत या दोन टोकांशी जोडलेली आहे. त्याकडे दुर्लक्ष करून इथले ‘पारंपरिक ज्ञान’ सांगितले, तर उरते ती केवळ वनस्पतींची यादी.

शेती. खाचरात भात, वरकस जमिनीत नागली, वरई, उडीद, कुळीथ, खुरासणी. वरकस जमिनीत पिकांची पाळी ठरलेली असे: आधी नागली, मग वरई, त्यानंतर खुरासणीसारखे पीक आणि पुढे काही वर्षे जमीन पडीक. रोपासाठी उन्हाळ्यात राब भाजतात. रोपाच्या जागेवर शेण, झाडांचा टाहाळ आणि पालापाचोळा यांचे थर देतात, वर माती पसरतात आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात, म्हणजे आग धुमसत हळूहळू सरकते. त्या धगीने तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळते आणि रोप तणाशी झगडत न बसता जोम धरते. मात्र टाहाळासाठी साजडासारखी झाडे दरवर्षी छाटावी लागतात आणि शेणही जळून जाते. जंगल विरळ झाले तसा हा खर्च जड होत गेला.

नागलीचे मोल दोन कारणांनी आहे. 100 ग्रॅम नागलीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. भाताशी त्याची तुलनाच होत नाही. दुसरे कारण घर चालवणाऱ्या बाईच्या दृष्टीने अधिक मोठे आहे: दाणा बारीक आणि कठीण असल्याने त्याला कीड सहसा लागत नाही आणि नीट वाळवलेली नागली कणगीत वर्षानुवर्षे राहते. एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला, तरी गेल्या वर्षीची नागली घरात असते. वरईचे तसे नाही. इथे तिचा भात रोजच्या जेवणात होतो. नाशिकच्या गिरण्यांतून हीच वरई भगर होऊन निघते आणि राज्यभर उपासाला शिजते. पिकवणाऱ्याला तिचे दोन पैसे लवकर हवे असतात, म्हणून ती घरात फार काळ टिकत नाही.

साठवण. बांबूच्या कांबींनी विणलेली कणगी आतून-बाहेरून शेणमातीने लिंपतात आणि जमिनीची ओल लागू नये म्हणून दगडांवर किंवा लाकडी पाटावर ठेवतात. धान्यात निरगुडीचा किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतात. डाळी-कडधान्यांना चुलीतली चाळलेली राख चोळतात. राख दाण्यांमधल्या फटी भरते, किड्याला हालचाल करू देत नाही आणि त्याच्या अंगावरचे ओल राखणारे कवच खरवडते. बियाण्याची कणसे चुलीच्या वर टांगतात, तिथे धुराने ती कोरडी राहतात. बी निवडण्याचे काम बहुतेक घरांत बाईचे. शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर), अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी याच घरगुती सवयीतून देशी वाणांची बियाणे बँक उभी केली. 2020 च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पेठच्या बायकांनाही हे काम परके नाही. बँक नसली तरी मडक्यातले बी प्रत्येकीकडे असे.

रानातले अन्न. मे अखेर ते श्रावण हा काळ घरात सर्वांत तंगीचा, आणि रान देऊ लागते तेही याच दिवसांत. पाऊस पडण्याआधीच जमिनीतून शेवळे वर येते. ते चिरून तसेच शिजवले तर घसा आणि जीभ खाजून हैराण होतात, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकतात, बाकीचे बारीक चिरून नीट परततात आणि काकड नावाच्या झाडाची आंबट फळे घालून शिजवतात. काकड नसेल तर चिंच. शेवळे आणि काकड एकाच सुमारास मिळतात. बाजारात विकणारी बाई पुष्कळदा दोन्हींची जोडीच देते. पुढे टाकळा, कुर्डू, करटुली, भारंगी, बांबूचे कोंब आणि सफेद मुसळीच्या पाल्याची भाजी येते. तेऱ्याचा (रानअळूचा) पाला तर देवाला दाखवून सण केल्याशिवाय खायचा नाही असा नेम आहे. यामागे श्रद्धा आहेच. पण कोवळे पान वाढून पुढे पसरू द्यायला त्याचा उपयोग होतो, हेही उघड आहे.

कडूकंदाची रीत याहून कष्टाची. नावाप्रमाणेच तो कडू आणि कच्चा विषारी. सोलून पातळ चकत्या करायच्या, चुलीच्या राखेसह उकळायच्या, ते पाणी फेकून द्यायचे आणि मग चकत्या टोपलीत भरून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या. सकाळी चाखून पाहायच्या. कडवटपणा उरला असेल तर पुन्हा तेच. घाई केली तर पोट बिघडते. पुस्तकात पाहून किंवा कोणाकडून ऐकून हा कंद करू नये. ज्या घरात तो होतो, तिथल्या बाईच्या शेजारी बसूनच शिकावा.

मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. झाडाखालची जमीन आधीच झाडून साफ ठेवतात आणि उजाडता उजाडता फुले वेचतात. ती वाळवून ठेवली की पावसाळ्यात कधी भाजून, कधी उडदाबरोबर शिजवून खाता येतात. जून-जुलैत पडणाऱ्या फळांच्या बियांचे तेल काढतात. थंडीत ते तुपासारखे थिजते. खायला, दिव्याला आणि फुटलेल्या हातापायांना तेच. मोहाचे नाव काढले की शहरात दारूच आठवते; पण फूल आणि बी मिळून या झाडाने किती घरांचा भाताचा घास वाचवला आहे, याची जाण फार कमी लोकांना असते.

घर, अवजारे, गुरे. कारवीच्या काड्यांच्या कुडाच्या भिंती शेणमातीने लिंपलेल्या असत. वर कौले किंवा गवत. आवणीच्या वेळी बांबू आणि पळस-सागाच्या पानांचे इरले पाठीवर घेत. वाकून रोपे लावताना दोन्ही हात मोकळे राहत. आता त्याची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे. पळसाच्या मुळांपासून आणि अंबाडीपासून दोर वळतात. डांगी गाय-बैल ही या घाटमाथ्याची खास जात: अंगावर तेलकट थर येतो, खूर काळे नि टणक असतात, त्यामुळे सततच्या पावसात आणि चिखल-खडकात ती टिकून राहतात. बाहेरची भारी जात इथे पहिल्या पावसाळ्यातच आजारी पडते. जनावराच्या जखमेत किडे पडले तर सीताफळाचा पाला वाटून भरतात, गोचिडांवर करंजाचे तेल लावतात. आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारशीला, गुराखी वाघदेवाची पूजा करून वर्षभरासाठी गुरांची राखण मागतात.

रानऔषधे. औषध देणारा भगत आणि घरातली जाणती बाई यांचे काम वेगवेगळे. भगत देव, बाधा आणि मोठे दुखणे पाहतो; सर्दी, हगवण, खरूज, कापलेले बोट हे घरातच निस्तरतात. अडुळशाचा काढा खोकल्यावर, बाफळीची बी पोटदुखीवर, मुरूडशेंग लहान मुलांच्या पोटातल्या मुरड्यावर, करंजाचे तेल खरजेवर, बिब्ब्याचे तेल टाचेच्या भेगेवर. बिब्बा जिथे हवा तिथे नेमका टेकवला तरच काम करतो. आजूबाजूला लागला की फोड उठतात आणि जखम चिघळते.

कुड्याचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. हगवणीवर पांढऱ्या कुड्याची साल देतात. त्या कडू सालीत कोनेसीनसारखी द्रव्ये असतात. काळा कुडा म्हणून दुसरे झाड आहे; पाने-शेंगांत साम्य इतके की नवख्याची गफलत होते, पण हगवणीवर उपयोगी पडते ते पांढऱ्याचे. ओळखणारा साल तोडून चव घेतो, फूल-शेंग पाहतो, मगच घेऊन येतो. कुठल्या झाडाची, कुठल्या ऋतूत, किती साल काढायची हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातचे औषध घेऊ नये.

दगडीपाला हाही असाच रोजचा सोबती. विळा लागला की त्याचा रस पिळून जखमेवर लावतात, रक्त थांबते. ही वनस्पती मूळची अमेरिकेतली, इथे नंतर पसरलेली. म्हणजे रानऔषधांची पोतडी कोणा पूर्वजाने एकदाच बांधून ठेवलेली नाही. नवे झाड आले, वापरून पाहिले, उपयोगी वाटले, ते त्यात गेले. हे ज्ञान गोठलेले नसल्याची याहून चांगली साक्ष नाही.

उलट प्रकारही होतो. कोरोनाच्या काळात गुळवेलीला मोठी मागणी आली, लोक रोज काढा घेऊ लागले. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी त्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. चुकीच्या जातीची वेल वापरली गेली का, यावर वाद झाला. रानातल्या घरात गुळवेल आजारापुरती, मोजून घेतात. महिनोन् महिने पिण्याची सवय तिथली नाही.

हगवणीत जीव जातो तो अंगातले पाणी गेल्याने. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा मीठ घातलेली तांदळाची पेज, हा उपाय कुठल्याही सालीच्या आधी. पाण्यासाठी निवळीची बी मडक्यात घासतात. गढूळपणा खाली बसतो, पण रोगजंतू सगळे जात नाहीत, म्हणून पाणी उकळायलाच हवे. साप चावल्यावर पाला, मंत्र, चिरा यांत घालवलेला प्रत्येक तास धोक्याचा. नाग, घोणस, फुरसे, मण्यार या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष लस चालते आणि ती सरकारी रुग्णालयात मिळते. चावलेला भाग हलू न देता माणसाला तिकडे न्यावे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून खाट आणि मच्छरदाणी हाच खरा बचाव. विंचवाच्या बाबतीत महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यू कमी करता येतात हे दाखवले. भगताला शत्रू मानण्याचे कारण नाही. रुग्णालयात पाठवायचे दुखणे कोणते हे त्याला कळावे, हे त्याच्यासोबत काम करणाऱ्या प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याचे पहिले काम असायला हवे.

आजची स्थिती. दिवाळीनंतर पेठची कितीतरी कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. तिथून आलेल्या पैशांत तेल-मीठ, लग्न, मुलांचे शिक्षण निघते. पण मोह वेचण्याच्या, झिरे उकरण्याच्या, बी चुलीवर टांगण्याच्या दिवसांत घरात माणूस नसतो. मुले बरोबर गेली तर शाळा तुटते आणि पाला ओळखणेही राहते. दुसऱ्या बाजूने, मणिभाई देसाई यांनी स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने 1982 मध्ये सीमेपलीकडे वांसद्यात सुरू केलेला वाडीचा प्रयोग पेठ-सुरगाण्यातही आला: छोट्या उतारावर आंबा-काजूची कलमे, मधल्या जागेत धान्य-भाजी, कडेला जळण-चाऱ्याची झाडे. जिथे पहिली तीन-चार वर्षे डोक्यावरून पाणी वाहून रोपे जगवली, तिथे वाडी टिकली. जिथे पाण्याची सोय झाली नाही तिथे पुष्कळदा नुसते खड्डे राहिले.

वनउपजाच्या खरेदीसाठी आदिवासी विकास महामंडळ 1972 पासून काम करते. त्याचे मुख्यालय नाशिकला आहे. 1996 चा पेसा कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा यांनी गौण वनउपजावरचा हक्क ग्रामसभेकडे दिला. सफेद मुसळीचे उदाहरण इथे महत्त्वाचे. व्यापारी तिची मुळे मागतो आणि मुळे खणली की पुढच्या पावसात पालाही नाही, भाजीही नाही. मुळे कधी, किती काढायची आणि कुठला डोंगर त्या वर्षी राखायचा, हे ठरवण्याचा अधिकार आता कागदावर ग्रामसभेचा आहे. त्या बैठकीत भाजी वेचणाऱ्या बायका बसल्या तरच तो वापरला जाईल.