उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर: दुकानासाठी गाळा भाड्याने घेताना काय तपासायचं?

कल्याणहून कर्जतकडे लोकल निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशनं येतात. उल्हासनगर ते बदलापूर अंतर जेमतेम 10 किलोमीटर. पण गाळा भाड्याने घेणाऱ्यासाठी ही तीन अगदी वेगळी शहरं आहेत, कारण गाळ्याखालची जमीन तिन्हीकडे वेगळ्या प्रकारची आहे. दलाल भाडं आणि डिपॉझिट सांगतो, हे सहसा सांगत नाही.

उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि 1949 मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. कॅम्प 1 ते 5 ही ओळख आजही टिकून आहे. बराकी आणि भूखंड निर्वासितांच्या नावावर झाले ते सनदेने. पुढे त्याच जागांवर मजले चढत गेले, अनेकदा परवानगीशिवाय. मुंबई उच्च न्यायालयाने 855 बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिल्यावर 2006 मध्ये बांधकामं नियमित करण्यासाठी राज्य सरकारला फक्त या शहरापुरता कायदा करावा लागला. म्हणून इथे मालकाकडे सनद आणि इमारत नियमित झाल्याचा कागद, दोन्ही मागावेत. फर्निचरवर पाच लाख घातल्यावर पालिकेची नोटीस आली, तर ते पैसे कोणी भरून देत नाही.

अंबरनाथमध्ये स्टेशनजवळचं दुकान आणि आनंदनगर एमआयडीसीतला शेड यांची तुलनाच नको. एमआयडीसीचा भूखंड उद्योजकाला 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो. म्हणजे ज्याला आपण 'मालक' म्हणतो तो स्वतःच भाडेपट्टेदार! त्याने शेड पुढे भाड्याने द्यायचा तर महामंडळाची परवानगी लागते आणि शुल्कही भरावं लागतं. ती परवानगी डोळ्यांनी बघावी.

बदलापुरात नव्या इमारतींच्या तळमजल्यावर गाळे भरपूर. तिथे भोगवटा दाखला, म्हणजे ओसी, आहे का ते पाहायचं. आणि पाणी. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली होती. उल्हास नदीच्या बाजूचा गाळा स्वस्त मिळत असेल, तर शेजारच्या दुकानदाराला विचारा की त्या वेळी पाणी कुठवर आलं होतं.

आता करार. "अकरा महिन्यांचाच आहे, स्टॅम्प पेपरवर करू, नोंदणी कशाला?" हे वाक्य तिन्ही शहरांत ऐकू येतं आणि ते चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य धरल्या जातात. मालकाला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

खर्चही फार नाही. समजा भाडं 20,000, मुदत 36 महिने आणि परत मिळणारं डिपॉझिट 1 लाख. एकूण भाडं 7,20,000. डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी तीन वर्षांचं व्याज 30,000. बेरीज 7,50,000 आणि त्यावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे 1,875 रुपये. नोंदणी फी वेगळी.

मालक एवढं डिपॉझिट का मागतात, याचं एक कारण कायद्यातच आहे. लिव्ह अँड लायसन्सवर दिलेलं घर मुदत संपूनही रिकामं झालं नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. गाळ्यासाठी ती सोय नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते. त्यामुळे लॉक-इन, नोटिशीचा काळ आणि डिपॉझिट किती दिवसांत परत, हे तिन्ही करारात आकड्यांत लिहून घ्यावं. भाडं कार्पेट क्षेत्रावर की पोटमाळा धरून, हेही.

जीएसटी नोंदणी असलेल्या भाडेकरूने मालकाला विचारावं की त्याची नोंदणी आहे का. नसेल, तर ऑक्टोबर 2024 पासून भाड्यावरचा 18 टक्के कर सहसा भाडेकरूलाच भरावा लागतो.

आणि किल्ली घेण्याआधी महावितरणचं शेवटचं बिल बघावं. मीटर व्यावसायिक आहे का आणि आधीच्या दुकानदाराची थकबाकी राहिली आहे का, हे त्या एका कागदावर कळतं.