जुन्या जीपचे क्राउन-पिनियन

डहाणूची किनारपट्टी सपाट आहे, पूर्वेकडे कासा आणि गंभीरगडाचा मुलूख मात्र चढउतारांचा. तलासरीतून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग पुन्हा सरळ धावतो. जुन्या जीपचे गिअर निवडताना नेमका हाच फरक लक्षात घ्यावा लागतो.

१९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रने त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. युद्धकाळातल्या विलिज एमबीच्या आसात ८ दातांचे पिनियन आणि ३९ दातांचे क्राउन होते, गुणोत्तर ४.८८. नंतरच्या सीजे-३बीमध्ये ८ आणि ४३ दात आले आणि गुणोत्तर ५.३८ झाले. टायर तोच राहिला, तर ५.३८ वरून ४.८८ वर आल्यावर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे ९ टक्क्यांनी घटतात. महामार्गावर हे सुखाचे. भरल्या गाडीने घाट चढताना मात्र तेवढाच जोर कमी पडतो. डोंगरी वापरासाठी ५.३८ हीच योग्य निवड.

क्राउन आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदलतात, कारण ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. शिम घालून पिनियनची खोली आणि दातांमधली फट साधतात, रंग लावून दातांवरचा ठसा तपासतात. ही घाईने उरकण्याची कामे नव्हेत. फोर-व्हील जीपमध्ये पुढच्या आसाचे गुणोत्तरही तेच ठेवावे लागते, नाहीतर कोरड्या रस्त्यावर दोन्ही आस एकमेकांशी झगडतात. शेवटी स्पीडोमीटरचा गिअरही बदलावा लागतो.