लंडन ते पॅरिस : मधल्या पाण्याचा इतिहास

लंडन आणि पॅरिस ह्या दोन नगरांमधील सरळ अंतर सुमारे ३४० किलोमीटर आहे. एवढ्याशा प्रवासाचा इतिहास तो काय सांगावयाचा, असे कोणी म्हणेल. परंतु ह्या दोन नगरांच्या मध्ये डोव्हरची सामुद्रधुनी पसरली आहे. तिची रुंदी अगदी अरुंद जागी ३३ किलोमीटरांच्या आसपास आहे. गेल्या अडीचशे वर्षांत ह्या वाटेवर जी जी वाहने आली, त्या सर्वांना ह्या पाण्याने जेरीस आणले. दोन वाहनांची तुलना करताना आपण सहसा त्यांचा वेग विचारतो. आम्हांला वाटते, त्याआधी दोन गोष्टी विचारल्या पाहिजेत : वाटेत उतरावे किती वेळा लागते, आणि दारावर पहारा कोणाचा आहे?

अठराव्या शतकातला उतारू लंडनहून घोड्यांच्या टपालगाडीने डोव्हर गाठी. डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ ह्या १८५९ सालच्या कादंबरीचा आरंभ अशाच एका गाडीने होतो. काळ १७७५ चा आहे आणि चढावर घोडे थकल्यामुळे उतारू चिखलातून पायी चालत आहेत. डोव्हरला पोचल्यावर शिडाचे जहाज; आणि शिडाचे जहाज म्हणजे वाऱ्याची मर्जी. वारा अनुकूल असला तर काही तासांत पैलतीर दिसे, नसला तर खाणावळीत मुक्काम. त्या खाणावळवाल्यांच्या लुटीविषयी टोबायस स्मॉलेट ह्या लेखकाने १७६६ च्या आपल्या प्रवासवर्णनात मनसोक्त तोंडसुख घेतले आहे. अडलेल्या उतारूचा खिसा कसा रिकामा करावा, हे शास्त्र आपल्याकडील घाटांवर आणि तीर्थक्षेत्रीही अपरिचित नाही! पलीकडे कॅले किंवा बुलोन येथे उतरले, की पॅरिसपर्यंत पुन्हा घोडागाडीत हाडे खिळखिळी करून घ्यावयाची.

१८२० च्या सुमारास सामुद्रधुनीत वाफेची जहाजे आली आणि वाऱ्याची गुलामी संपली. १८४३ मध्ये आगगाडी लंडनहून फोकस्टनला पोचली, पुढल्या वर्षी डोव्हरला. फ्रान्सच्या बाजूचे रूळ जोडले जाताच अद्भुत वाटावे असे घडले. १८५१ मध्ये डिकन्सनेच ह्या प्रवासावर एक लेख लिहिला. त्यात लंडन ते पॅरिस हे अंतर अकरा तासांत कापले जाते. त्याच साली सामुद्रधुनीच्या तळाशी तारायंत्राची तार यशस्वीपणे टाकली गेली. निरोप आता न थांबता जाऊ लागला, पण माणसाला मात्र दोन वेळा उतरून बोटीची शिडी चढणे-उतरणे सुटले नव्हते.

आणि बोट लागणे तर मुळीच सुटले नव्हते. पोलादाच्या शोधामुळे नावाजलेले हेन्री बेसेमर ह्यांना बोट फार लागत असे. त्यांनी ठरविले, की जहाज डोलले तर डोलू दे, उतारूंचे दालन स्थिर राहिले म्हणजे झाले. म्हणून जहाजाच्या पोटात आसांवर टांगलेले एक भव्य दालन बसविण्यात आले. एका माणसाने पातळीदर्शक नळीतल्या बुडबुड्यावर नजर ठेवावी आणि पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने ते दालन सतत समतल राखावे, अशी योजना होती. १८७५ मध्ये हे जहाज उतारूंना घेऊन कॅलेला गेले आणि तेथील धक्क्यावर जाऊन आदळले. त्या फेरीत दालन तर हालू नये म्हणून जखडूनच ठेवले होते! कंपनी बुडाली. जहाज मोडीत निघाल्यावर ते दालन तेवढे जमिनीवर आणले गेले आणि पुढे एका उद्यानविद्येच्या महाविद्यालयात व्याख्यानगृह म्हणून उपयोगी पडले. दुसऱ्या महायुद्धात बाँब पडून ते नष्ट झाले.

पाण्याला वळसा घालण्याचा दुसरा मार्ग म्हणजे त्याच्या खालून जाणे. आल्बेर माथ्यू ह्या फ्रेंच अभियंत्याने १८०२ मध्येच बोगद्याचा आराखडा मांडला होता. तेलाच्या दिव्यांच्या उजेडात घोडागाड्या धावाव्यात आणि हवेसाठी लाटांच्या वर धुराड्या काढाव्यात, असा तो आराखडा. १८८० नंतर खरोखरच खोदाई सुरू झाली आणि दोन्ही किनाऱ्यांवरून प्रत्येकी दीड किलोमीटरांहून अधिक बोगदा खणला गेला. खडूचा खडक मऊ होता, यंत्र उत्तम चालत होते. तरीही १८८२ मध्ये इंग्लंडच्या सरकारने काम थांबविले. ह्या बोगद्यातून शत्रूचे सैन्य डोव्हरवर येईल, असे सर गार्नेट वुल्झली आदी सेनानींचे म्हणणे होते. भूगर्भाने परवानगी दिली होती, लष्कराने नाकारली. बोगदा पुढे शंभर वर्षे लांबला तो मुख्यतः ह्या मनोवृत्तीमुळे, असे आमचे मत आहे.

ह्या वाटेवरून मराठी माणसेही पुष्कळ गेली. मुंबईची बोट मार्सेल्सला सोडावी आणि आगगाडीने पॅरिसवरून लंडन गाठावे, म्हणजे जिब्राल्टरचा वळसा आणि बिस्केचा खवळलेला उपसागर टळे. भारतीय क्रांतिकारकांना तर ही वाट म्हणजे दोन कायद्यांमधला दुवा होती. श्यामजी कृष्णवर्मा १९०७ मध्ये लंडन सोडून पॅरिसला गेले; मादाम कामाही तेथेच राहत. सामुद्रधुनीच्या त्या बाजूला ब्रिटिश पोलिसांचा हात सहज पोचत नसे. पण परतीच्या उतारूला गाडी ठरल्या वेळी ठरल्या फलाटावर आणून सोडते, आणि हे पोलिसांनाही ठाऊक असते. १३ मार्च १९१० रोजी विनायक दामोदर सावरकर पॅरिसहून लंडनला आले आणि व्हिक्टोरिया स्थानकावर उतरताच त्यांना अटक झाली. वेळापत्रक जितके अचूक, तितकी पाळत सोपी.

वरून जाण्याचा मार्गही ह्याच सुमारास खुला झाला. ब्लेरिओने १९०९ मध्ये विमानातून सामुद्रधुनी ओलांडली आणि २५ ऑगस्ट १९१९ पासून लंडन–पॅरिस अशी रोजची विमानसेवा सुरू झाली. पहिल्या फेरीला एकच उतारू होता. बाकी माल वर्तमानपत्रे, कातडी आणि साय अशा प्रकारचा. भाडे २१ पौंड, वेळ अडीच तासांच्या आसपास. आकाशात रस्ता नसल्यामुळे वैमानिक खालच्या रस्त्यावर नजर ठेवून चालत. १९२२ मध्ये उत्तर फ्रान्सवर धुक्यात समोरासमोरून आलेली दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि सात जण दगावले.

मग पुढे जेट विमाने आली आणि उड्डाण तासाभराचे झाले. परंतु घरापासून विमानतळ, तेथील खोळंबा, आणि पलीकडे पुन्हा शहरापर्यंतची मोटार, हे सारे मिळविले की हिशेब तीन-चार तासांवर जाई. ह्याउलट १९३६ ते १९८० ह्या काळात (युद्धाची वर्षे वगळता) ‘नाइट फेरी’ नावाची गाडी होती. तिचे निजण्याचे डबेच्या डबे डोव्हरला बोटीत ढकलून साखळदंडांनी बांधीत. त्या डब्यांत उतारूंसाठी तरंगण्याची जाकिटेही ठेवलेली असत. वेळ डिकन्सच्या वेळेइतकाच, अकरा तासांच्या आसपास. आम्ही तिला हसणार नाही. साखळ्यांच्या खडखडाटाने झोपमोड होई खरी, पण लंडनला अंथरुणावर पडलेला माणूस पॅरिसलाच उठे. उतरावे न लागणारा तो ह्या वाटेवरचा पहिला प्रवास.

अखेर १९८६ मध्ये करार झाला, १ डिसेंबर १९९० रोजी समुद्राखाली दोन्ही बाजूंचे कामगार एकमेकांना भेटले आणि ६ मे १९९४ रोजी सुमारे ५० किलोमीटर लांबीच्या बोगद्याचे उद्घाटन झाले. लंडनची गाडी आधी वॉटर्लू ह्या स्थानकातून सुटे. नेपोलियनच्या पराभवाचे नाव फ्रेंच पाहुण्यांनी रोज वाचावे, हा योगायोग मौजेचा होता. २००७ मध्ये ती सेंट पँक्रसला गेली आणि नवा लोहमार्ग पूर्ण होऊन प्रवास सव्वादोन तासांवर आला. ह्या मार्गावर बहुसंख्य उतारूंनी विमान सोडून गाडी धरली.

पाणी आता आडवे येत नाही. मात्र पॅरिसच्या गार द्यु नोर स्थानकात गाडीच्या वेळेआधी बरेच अगोदर यावे लागते. तेथे आधी फ्रेंच अधिकारी पारपत्र पाहतो, आणि त्याच्यापासून काही पावलांवर, फ्रान्सच्याच भूमीवर, ब्रिटिश अधिकारी खिडकीत बसलेला असतो.